अनोळखी ईमेल पत्त्याची फुकटात चौकशी कशी करायची? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला, कॅम्पस मुलाखती उरकल्या, की नोकरी न लागलेल्या मुलामुलींच्या इनबॉक्समध्ये एका ठरावीक साच्याचे मेल यायला लागतात. 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. सोबत ऑफर लेटर जोडलं आहे. लॅपटॉप आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी परत मिळणारी अनामत आज संध्याकाळपर्यंत भरा.' लेटरहेड झकास, खाली सही-शिक्का, पत्ता हिंजवडीचा. घरात आनंद आणि धाकधूक दोन्ही एकदमच सुरू होतात.

हा मेल खरा की खोटा, याचं उत्तर बहुतेक वेळा एका बैठकीत मिळतं आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. लागणारी साधनं सगळ्यांना खुली आहेत. ती कुठल्या क्रमाने वापरायची आणि त्यातून निघालेल्या माहितीवर किती विसंबायचं, हे कुणी सांगत नाही म्हणून हा लेख. उदाहरण नोकरीच्या मेलचं घेतलं आहे. पण भाड्याचं घर दाखवणारा एजंट, आखातात नोकरी देणारी एजन्सी, पैसे घेऊन शोधनिबंध छापणारं जर्नल, या सगळ्यांची चौकशी अशीच होते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. ईमेल पत्त्यावरून 'हा माणूस कोण' हे फार क्वचित कळतं. 'हा जे सांगतोय ते जुळतं का' हे मात्र जवळजवळ नेहमी कळतं. म्हणून एक कोरा कागद घ्या आणि मेलमध्ये केलेला प्रत्येक दावा एकाखाली एक लिहा: कंपनीचं पूर्ण नाव, पाठवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, कार्यालयाचा पत्ता, फोन, मागितलेली रक्कम, ती ज्या खात्यात भरायची त्या खात्याचं नाव. शेजारचा रकाना मोकळा ठेवा. त्यात फक्त असाच पुरावा लिहायचा जो तुम्हाला मेलच्या बाहेर मिळाला. मेलमधली लिंक उघडून जे दिसलं, मेलमधल्या नंबरवर फोन करून जे ऐकलं, ते या रकान्यात धरायचं नाही.

चौकशी संपेपर्यंत मेलला उत्तर देऊ नका, त्यातली लिंक दाबू नका, जोडलेली फाइल उघडू नका. मेल डिलीटही करू नका.

पत्ता नीट वाचा

पुढचे सगळे पत्ते मी समजण्यासाठी देवनागरीत लिहिले आहेत आणि ते कल्पित आहेत. प्रत्यक्षात ते इंग्रजी अक्षरांत असतात.

मोबाइलवर जीमेल उघडलं की वर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, 'अबक इन्फो एचआर टीम' असं काहीतरी. हे नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे तो 'रिझर्व्ह बँक' किंवा 'जिल्हाधिकारी कार्यालय' असंही लिहू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. नावाखालच्या बारीक बाणावर बोट ठेवा, म्हणजे खरा पत्ता उघडेल.

समजा तो निघाला एचआर@अबक-करिअर्स.कॉम. ॲटच्या चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन, आणि आपली निम्मी चौकशी या डोमेनचीच असते. डोमेन उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. शेवटचं टोक 'कॉम', त्याच्या लगेच आधीचा तुकडा 'अबक-करिअर्स'. मालकी या दोन तुकड्यांनी ठरते. त्याच्याही डावीकडे आणखी बिंदू देऊन काहीही जोडता येतं. म्हणजे 'करिअर्स.अबक.कॉम' हे अबक.कॉमच्या मालकाचंच असणार, पण 'अबक.करिअर्स-इंडिया.कॉम' हे 'करिअर्स-इंडिया.कॉम' घेतलेल्या कुणाचंही असू शकतं. 'अबक-करिअर्स.कॉम' हेही 'अबक.कॉम'पेक्षा पूर्ण वेगळं डोमेन आहे. बिंदू आणि आडवी रेघ यांतला हा फरक लक्षात आला की अर्धे बनावट मेल तिथेच ओळखू येतात.

अक्षरंही एकेक करून बघा. इंग्रजी छोटा 'आर' आणि 'एन' चिकटून आले की 'एम' वाटतो. छोटा 'एल', मोठा 'आय' आणि एकचा आकडा बऱ्याच फाँटमध्ये सारखे दिसतात. रशियन लिपीतला 'अ' तर इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, डोळ्यांना फरक कळतच नाही. अशा वेळी पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि फाँट बदलून पाहा. नाव स्वतः टाइप करून ते कंट्रोल आणि एफ दाबून त्यात शोधणं त्याहून चांगलं, अक्षर वेगळं असेल तर ते सापडत नाही.

काही टोकं मात्र कुणालाही विकत घेता येत नाहीत, आणि ती पाठ असावीत. 'गव्ह.इन' फक्त सरकारी संस्थांना मिळतं आणि ते एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेमार्फत दिलं जातं. 'एसी.इन' शैक्षणिक संस्थांना अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतं. 'बँक.इन' हे नवं टोक फक्त बँकांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेने उभारलेली हैदराबादची तंत्रज्ञान संस्था आयडीआरबीटी ते देते, आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं त्यावर न्यावीत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. सरकारी नोटीस म्हणून आलेल्या मेलचा पत्ता 'गव्ह-इन.कॉम' किंवा 'गव्हइंडिया.ऑर्ग' असा संपत असेल, तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

पत्ता साध्या जीमेलचा किंवा याहूचा असेल तर डोमेनवरून काहीच कळणार नाही. छोट्या व्यावसायिकांचे पत्ते तसे असतातच, तालुक्याच्या गावातले कितीतरी सीए आणि वकीलही जीमेलच वापरतात. पण हजारो माणसं कामाला असलेल्या कंपनीचा एचआर विभाग ऑफर लेटर जीमेलवरून पाठवत नाही. एक बारकावा: जीमेलच्या पत्त्यात मध्ये दिलेले बिंदू गूगल मोजत नाही, आणि अधिकचं चिन्ह देऊन पुढे जोडलेला मजकूरही नाही. त्यामुळे एकाच खात्याचे वेगवेगळे दिसणारे पत्ते असू शकतात. पुढे शोध घेताना बिंदू काढूनही शोधून पाहा.

मेलच्या पोटात काय आहे

नवखी माणसं ही पायरी घाबरून सोडून देतात. तिच्यातूनच सगळ्यात ठाम माहिती मिळते.

मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचे नियम १९८२ साली ठरले, आणि त्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे पाहण्याची सोय नव्हती. टपालाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच. ही उणीव भरून काढायला पुढे तीन तपासण्या आल्या: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. त्यांचा निकाल प्रत्येक मेलच्या आत लिहिलेला असतो, फक्त तो उघडून पाहायचा.

जीमेल संगणकावर उघडा, मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबून 'शो ओरिजिनल' निवडा. नवं पान उघडेल. वर एक छोटा तक्ता आणि खाली न संपणारा अगम्य मजकूर. तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी वाचा.

एसपीएफ सांगतं की ज्या सर्व्हरवरून, म्हणजे मेल पोचवणाऱ्या संगणकावरून, मेल निघाला त्याला त्या डोमेनच्या मालकाने परवानगी दिली आहे का. डीकिम ही डिजिटल सही, मेल वाटेत बदलला नाही आणि सही कुठल्या डोमेनची आहे हे तिच्यावरून कळतं. डीमार्क पाहतं की या दोन्हींतलं किमान एक तरी तुम्हाला दिसणाऱ्या 'फ्रॉम' पत्त्याच्या डोमेनशी जुळतं का. तिघांपुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं असतं.

'फ्रॉम'मध्ये खऱ्या कंपनीचं डोमेन आहे आणि डीमार्कपुढे 'फेल' आहे, तर कंपनीचं नाव वापरून दुसऱ्याच कुणी मेल पाठवला असण्याची दाट शक्यता आहे. आता उलट बाजू, आणि इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात: तिन्हींपुढे 'पास' असलं तरी मेल खरा ठरत नाही. ज्याने अबक-करिअर्स.कॉम विकत घेतलं, तो त्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकिम अगदी व्यवस्थित बसवू शकतो. 'पास'चा अर्थ एवढाच की मेल खरोखर अबक-करिअर्स.कॉमवरून आला. ते डोमेन कुणाचं, हा प्रश्न तसाच राहतो.

खालच्या मजकुरात आणखी दोन-तीन जागा पाहा. कंट्रोल आणि एफ दाबून 'रिप्लाय-टू' शोधा. मेल एका पत्त्यावरून आलाय आणि तुमचं उत्तर मात्र भलत्याच जीमेलवर जाणार आहे, असं दिसलं तर तो पत्ता कागदावर उतरवून घ्या, त्याचीही चौकशी करायची आहे. 'रिसीव्ह्ड' नावाच्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडत जातो. सगळ्यात खालच्या ओळी खोट्या घालता येतात. सगळ्यात वरच्या, तुमच्या स्वतःच्या मेलसेवेने जोडलेल्या ओळीच भरवशाच्या. 'डेट'च्या ओळीत वेळेपुढे अधिक ०५३० असेल तर ती भारतीय वेळ. दुसरं काही असेल तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, सर्व्हर परदेशात असू शकतो. फक्त नोंद करा.

हे सगळं वाचायला जड जात असेल तर गूगलच्या ॲडमिन टूलबॉक्समध्ये 'मेसेजहेडर' नावाचं मोफत साधन आहे. वरचा तांत्रिक मजकूर तिथे चिकटवला की मेल कुठून कुठे गेला आणि कुठे किती वेळ लागला हे तक्त्यात दिसतं. मेलचा खालचा खाजगी मजकूर मात्र तिथे चिकटवू नका, त्याची गरज नसते.

पाठवणाऱ्याचं गाव यातून कळेल अशी आशा ठेवू नका. जीमेलच्या संकेतस्थळावरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नसतोच. इतर सेवांच्या मेलमध्ये तो कधी सापडला तरी त्यावरून फार तर इंटरनेट कंपनी आणि ढोबळ परिसर कळतो, घर नाही.

डोमेन किती जुनं?

आयकॅन ही जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था. तिच्या 'लुकअप' पानावर डोमेन टाइप केलं की नोंदणीची तारीख, मुदत आणि नोंदणी करून देणाऱ्या कंपनीचं नाव मिळतं. पूर्वी याला सगळे 'हूइज' म्हणत. जानेवारी २०२५ पासून 'कॉम'सारख्या टोकांसाठी अधिकृत व्यवस्था आरडॅप ही आहे. 'डॉट इन'ची नोंद ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीत शोधता येते.

मालकाचं नाव बहुधा दिसणार नाही. युरोपातला खाजगीपणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून ते झाकलेलंच असतं. ते झाकलेलं आहे म्हणून संशय घेऊ नका. आपल्याला हवी आहे तारीख. 'गेली पंधरा वर्षे सेवेत' म्हणवणाऱ्या कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यात नोंदलेलं असेल, तर कागदावर त्या दाव्यापुढे फुली मारा.

ही तारीख आणखी दोन ठिकाणी ताडून पाहता येते. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर संकेतस्थळांची जुनी पानं साठवलेली असतात. डोमेन जुनं आहे पण मागची पानं चिनी भाषेतल्या जुगाराची किंवा अमेरिकेतल्या एखाद्या बेकरीची निघाली, तर मुदत संपलेलं डोमेन कुणीतरी नव्याने उचललं आहे. दुसरं ठिकाण 'सीआरटी.एसएच'. संकेतस्थळाला कुलपाचं चिन्ह मिळवून देणारी प्रमाणपत्रं कधी कधी दिली गेली, त्याची जाहीर यादी तिथे सापडते. पहिलं प्रमाणपत्र आठ दिवसांपूर्वीचं असेल तर त्यावर वेगळं भाष्य करायला नको.

संकेतस्थळ स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडण्याआधी 'यूआरएल-स्कॅन' या साधनात त्याचा पत्ता द्या. ते पान तिकडे उघडून त्याचं चित्र आणि ते कुठे कुठे जोडलेलं आहे हे दाखवतं. 'व्हायरसटोटल'ही उपयोगी आहे, पण तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांपर्यंत पोचते. आधार, पॅन किंवा स्वतःचं नाव असलेलं ऑफर लेटर तिथे कधीच चढवू नका. यूआरएल-स्कॅनवरही, ज्या लिंकच्या शेपटीला तुमचा ईमेल चिकटलेला आहे ती जशीच्या तशी टाकू नका. फक्त डोमेन द्या.

अवतरणचिन्हातला शोध

आता साधा शोध. पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. मग बिंगवर आणि डकडकगोवर. गूगल आणि बिंग यांचे साठे वेगळे आहेत, एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं. डकडकगो बरेचसे निकाल बिंगकडूनच घेतं. त्यानंतर ॲटच्या आधीचा भाग एकटा शोधा, कारण माणसं तेच टोपणनाव ठिकठिकाणी वापरतात. मात्र 'एसपाटील८७' सारखी नावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत. टोपणनाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका.

नावाचा शोध घेताना मराठी आडनावांची इंग्रजी स्पेलिंग लक्षात घ्या. क्षीरसागर, वैशंपायन, म्हात्रे ही नावं लोक दोन-तीन प्रकारे लिहितात. सगळे प्रकार करून बघा आणि देवनागरीतही शोधा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या पीडीएफमध्ये नाव मराठीतच असतं.

मेलमधलं एखादं लांब, ठसठशीत वाक्य अवतरणचिन्हांत शोधणं हा माझा सगळ्यात आवडता उपाय. फसवणुकीचे मेल शेकडो लोकांना एकाच मजकुरात जातात, आणि त्यातल्या कुणीतरी तो मजकूर इशाऱ्यासह कुठेतरी टाकलेला असतो. मेलमधला फोन नंबरही असाच शोधा, मधल्या रिकाम्या जागेसह आणि जागेशिवाय.

खऱ्या कंपनीचं डोमेन माहीत असेल तर इंग्रजीत 'साइट', मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग जागा न सोडता ते डोमेन लिहून पुढे 'फ्रॉड' किंवा 'रिक्रूटमेंट' शोधा. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर 'आम्ही उमेदवारांकडून पैसे घेत नाही, आमचे मेल फक्त अमुक डोमेनवरून येतात' अशी सूचना बरेचदा असते. ती सापडली तर काम तिथेच संपलं.

मेलमध्ये फोटो असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआयवर टाका. तोच हसरा चेहरा तीन वेगवेगळ्या नावांनी निघतो. आणि पाठवणारा प्राध्यापक किंवा जर्नलचा संपादक म्हणवत असेल तर गूगल स्कॉलरवर त्याचं पान पाहा. तिथे नावाखाली कुठल्या संस्थेच्या डोमेनचा ईमेल पडताळलेला आहे हे लिहिलेलं असतं.

सरकारी नोंदी

आपल्याकडे इतक्या नोंदी सर्वसामान्यांना पाहता येतात, याचं मला खरंच अप्रूप आहे. लोक ज्या माहितीसाठी परदेशी साइटला पैसे मोजतात, ती बरेचदा इथे फुकट पडलेली असते.

कंपनी 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'कंपनी मास्टर डेटा' पाहा. नोंदणीची तारीख, नोंदणीकृत पत्ता आणि कंपनी चालू आहे की बंद, हे कळतं. प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा सीआयएन क्रमांक असतो आणि तो नुसता वाचूनही बरंच समजतं. पहिलं अक्षर 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' म्हणजे न नोंदलेली. पुढचे पाच आकडे व्यवसायाचे, मग दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्रासाठी 'एमएच'. मग चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे. नंतरची तीन अक्षरं कंपनीचा प्रकार सांगतात, 'पीटीसी' म्हणजे प्रायव्हेट. शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. 'पुण्यात १९९८ पासून' असं लेटरहेडवर आणि सीआयएनमध्ये दुसरंच राज्य नि २०२३ साल, असं निघालं तर खुलासा मागावा.

जीएसटी क्रमांक त्याहून सोपा. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाकायला लॉगिन लागत नाही. कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, चालू की रद्द, सगळं येतं. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, धारकाचा प्रकार सांगतं: 'सी' कंपनी, 'एफ' भागीदारी फर्म, 'पी' एकटी व्यक्ती. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहाव्या जागी 'पी' असेल, तर तो क्रमांक कंपनीचा नाहीच.

घराच्या व्यवहारात एजंटने स्वतःला नोंदणीकृत म्हटलं असेल तर महारेरा या राज्याच्या घरबांधणी नियामकाच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी शोधा. एजंटचा क्रमांक 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. आखातातल्या नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'ई-मायग्रेट' पोर्टल आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या प्रत्येक घरात ते माहीत असायला हवं. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३च्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्यांची यादी तिथे आहे, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. लाख-दीड लाख मागणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुष्कळदा तो पुढचा मेल पाठवत नाही.

पण इथे सावध राहा. खऱ्या कंपनीचा सीआयएन आणि जीएसटी क्रमांक तिच्या बिलांवर, संकेतस्थळावर छापलेलाच असतो, आणि भामटे तो उचलून आपल्या लेटरहेडवर टाकतात. क्रमांक बरोबर निघाला तर कंपनी अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध झालं. हा मेल त्या कंपनीने पाठवला, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. डोमेन आणि कंपनी यांना जोडणारा दुवा वेगळा शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरच सापडतो.

फुटलेल्या याद्या

ऑस्ट्रेलियाचे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पॉन्ड' ही मोफत साइट सुरू केली. एखाद्या साइटचा डेटा फुटून तिच्याकडे पोचला आणि त्यात एखादा ईमेल होता, तर ती तसं सांगते. आधी स्वतःचा पत्ता टाकून पाहा, त्याचा उपयोग सगळ्यात जास्त.

चौकशीत तिचा उपयोग वयासाठी. एखादा पत्ता २०१६च्या आसपास फुटलेल्या यादीत दिसला तर तो तेव्हापासून वापरात आहे. दहा वर्षं जुना म्हणवणारा व्यावसायिक पत्ता कुठेच दिसला नाही तर तो नवा असू शकतो. 'असू शकतो' एवढंच. काळजीपूर्वक वापरलेला जुना पत्ताही कुठे सापडत नाही. फुटलेला डेटा उतरवून त्यातले पासवर्ड दाखवणाऱ्या साइट असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. 'फक्त ईमेल द्या, मालकाचं नाव-पत्ता-फोटो मिळवा' म्हणणाऱ्या आणि शेवटच्या पानावर कार्डाचे तपशील मागणाऱ्या साइटही टाळा.

कुठे थांबायचं

दुसऱ्याच्या पत्त्यावर 'पासवर्ड विसरलात?' दाबून फोनचे शेवटचे आकडे पाहायचा सल्ला व्हिडिओंमधून सर्रास दिला जातो. तो उघड माहितीचा शोध नव्हे, दुसऱ्याच्या खात्याशी केलेली छेडछाड आहे. समोरच्याला सूचनाही जाऊ शकते. खोट्या नावाने मेल करून माहिती काढणंही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि ६६-डी या कलमांत दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं हे गुन्हे आहेत. स्त्रीच्या ईमेल-इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं. तुमच्याशी व्यवहार करू पाहणाऱ्याचा दावा तपासा. जुनी मैत्रीण, होणारा जावई, शेजारी यांच्यामागे ही साधनं लावू नका. आणि चौकशीत सापडलेलं कुणाचं नाव 'हाच तो ठग' म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. नावसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं.

कागद पुढे घ्या

आपल्या उदाहरणात आता काय जमलं ते पाहू. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही 'पास', पण अबक-करिअर्स.कॉम या डोमेनसाठी. डोमेन तीन आठवड्यांचं. 'रिप्लाय-टू' एका जीमेलकडे. सीआयएन बरोबर, पण कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळाचं डोमेन अबक.कॉम आणि तिथे करिअर्सच्या नावाने दुसऱ्या कुठल्याही डोमेनचा उल्लेख नाही. अनामत भरायची ते खातं एका व्यक्तीच्या नावावर. यातली एकेक गोष्ट सुटी असती तर मी थांबून विचार केला असता. सगळ्या एकत्र आल्यावर पैसे भरायचे नाहीत, यात शंका नाही. खातं व्यक्तीच्या नावावर असणं हे एकच कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

निकाल अधांतरी राहिला तर अबक.कॉमवरचा किंवा कंपनीच्या इतर जाहीर नोंदीतला नंबर शोधून तिथे फोन करा आणि विचारा, 'या पत्त्यावरून तुम्ही मेल पाठवला का?' खरी कंपनी या प्रश्नाने रागावत नाही. आज संध्याकाळची मुदत आहे म्हणून हा फोन टाळायला सांगणाऱ्या मेलला उद्या सकाळपर्यंत थांबायला लावा.

पैसे आधीच गेले असतील तर चौकशी बाजूला ठेवा. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी रोखता येतात ते पहिल्या काही तासांतच. तक्रारीसोबत मेलचा स्क्रीनशॉट द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ तांत्रिक मजकूर उरत नाही. जीमेलच्या त्याच तीन ठिपक्यांखाली 'डाउनलोड मेसेज' आहे. त्यातून उतरणारी ईएमएल फाइल (तांत्रिक मजकुरासह पूर्ण मेल), तुमचा दोन रकान्यांचा कागद आणि पैसे गेल्याची पावती, या तीन गोष्टी तक्रारीला जोडा.